सहा तासांत वाढलेल्या ट्यूब आणि मायक्रोआरएनएवरचा संशय

प्रश्न थोडक्यात असा आहे. एसकेओव्ही३ या अंडाशयाच्या कर्करोगाच्या सेल लाइनच्या (प्रयोगशाळेत सतत वाढवलेल्या पेशींच्या) मीडियममधून, म्हणजे पेशी वाढवण्याच्या द्रवातून, अल्ट्रासेंट्रिफ्यूज या अतिवेगवान फिरकीयंत्रावर एक्सोसोम (पेशींनी बाहेर सोडलेल्या अतिसूक्ष्म पुटिका) काढले आणि ह्यूवेक पेशींवर, म्हणजे नाळेच्या शिरेच्या अस्तरातल्या एंडोथेलियल पेशींवर, टाकले. मॅट्रिजेल या प्रथिनांच्या जेलवर या पेशी रक्तवाहिन्यांसारख्या ज्या ट्यूब बनवतात, त्या सहा तासांत जवळजवळ दुप्पट झाल्या. सोबत बेव्हॅसिझुमॅब, म्हणजे रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाला पकडणारं प्रतिपिंड, घातलं तरी वाढ थांबली नाही. त्यावरून 'हे व्हीईजीएफचं काम नाही, एक्सोसोमच्या आतल्या मायक्रोआरएनएचं आहे' असा निष्कर्ष काढला गेला (मायक्रोआरएनए म्हणजे जनुकांचे संदेश दाबणारे आरएनएचे छोटे तुकडे), आणि आता मायक्रोआरएनए-२०५ आधी घ्यावा की १४१, असं विचारलं आहे. जोडीला आणखी एक: काही रुग्णांत बेव्हॅसिझुमॅबचा उपयोग होत नाही, त्याचं कारण यात सापडेल का?

माझ्या मते दोन्हीपैकी एकही आत्ता घेऊ नका. प्रश्न 'कोणता मायक्रोआरएनए' हा नाहीच. हा परिणाम पुटिकांचा आहे का, आणि असेल तर तो त्यांच्या पृष्ठभागावरून होतो की आतल्या मालामुळे, हे आधी ठरायला हवं. तुमच्याच निरीक्षणात त्याचा एक धागा आहे: सहा तास.

मायक्रोआरएनएचा मार्ग लांबचा असतो. पुटिका पेशीला चिकटणार, आत घेतली जाणार, एंडोसोम या पेशीतल्या कप्प्यातून निसटणार. बहुतेक निसटत नाहीतच, लायसोसोम या पचवणाऱ्या कप्प्यात जाऊन मोडतात. मग मायक्रोआरएनए योग्य प्रथिनांच्या संकुलात बसणार, लक्ष्य असलेला एमआरएनए (प्रथिन बनवण्याचा संदेश) दाबला जाणार, आणि आधीच तयार असलेलं प्रथिन हळूहळू झिजल्यावर कुठे पेशीची वागणूक बदलणार. २०५चं लक्ष्य म्हणून पेशीच्या वाढीला आवर घालणारं पीटेन दाखवलं गेलं आहे, आणि पीटेन हे बऱ्यापैकी टिकाऊ प्रथिन आहे. पुटिका आणि पेशी एकाच वेळी मॅट्रिजेलवर टाकल्या असतील, तर सहा तासांत हा सगळा प्रवास होऊन ट्यूब दुप्पट होणं मला पटत नाही. पेशींना आधी २४ ते ४८ तास पुटिकांसोबत ठेवून, धुऊन, मग मॅट्रिजेलवर टाकलं असेल तर गोष्ट वेगळी. प्रश्नात तसं लिहिलेलं नाही, म्हणून मी पहिली शक्यता धरली आहे.

दुसरा अडथळा निव्वळ संख्येचा. पुटिकांच्या संख्येला मायक्रोआरएनएच्या प्रतींनी भागून पाहिलं, तेव्हा भरपूर आढळणाऱ्या मायक्रोआरएनएचीसुद्धा सरासरी शंभरेक पुटिकांमागे एखादी प्रत निघाली. हे काम २०१४ साली प्रसिद्ध झालं. आता तुमच्या प्लेटचं गणित मांडू. समजा डोस मिलिलिटरला १०० कोटी कणांचा आहे. ९६ खणांच्या प्लेटमध्ये एका खणात १०० मायक्रोलिटर, म्हणजे १० कोटी कण. पेशी १५,०००. दर पेशीमागे साधारण ६,७०० कण आले. शंभरात एक या हिशेबाने सगळे कण आत शिरले आणि सगळा माल सुटला तरी पेशीला ६७ प्रती मिळतील, आणि प्रत्यक्षात त्याचा लहानसा अंश. लक्ष्य नीट दाबायला सहसा पेशीमागे शेकड्यांनी, अनेकदा हजारांनी प्रती लागतात. काही पुटिकांमध्ये माल खच्चून भरलेला असू शकतो, सरासरी फसवी असते, हे मान्य. पण हा हिशेब न मांडता केलेला मायक्रोआरएनएचा दावा मी गंभीरपणे घेत नाही.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बेव्हॅसिझुमॅबची. हे प्रतिपिंड अडवू शकलं नाही म्हणजे व्हीईजीएफ नाही, हा तर्क इथे चुकतो. व्हीईजीएफ-ए एकाच रूपात नसतं. १२१ अमिनो आम्लांचं रूप हेपरिनला (रक्त गोठू न देणाऱ्या, शर्करेच्या लांब साखळीला) चिकटत नाही, १६५चं मध्यम चिकटतं, १८९चं घट्ट. पुटिकांच्या पृष्ठभागावर हेपरिनसारखंच हेपरान सल्फेट असतं आणि १८९ तिथे बसतं. अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींवर आणि रुग्णांच्या जलोदरातल्या (पोटात साचलेल्या द्रवातल्या) पुटिकांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कामात नेमकं हेच दिसलं: पुटिकेवर बसलेलं व्हीईजीएफ एंडोथेलियल पेशींचा रिसेप्टर (पृष्ठभागावरचं, संदेश घेणारं प्रथिन) चालू करतं, त्यासाठी पुटिका आत शिरावी लागत नाही, आणि बेव्हॅसिझुमॅब त्याला पकडू शकत नाही. तुमचं निरीक्षण या चित्रात चपखल बसतं. अर्थात बसतं म्हणजे सिद्ध झालं असं नव्हे.

पृष्ठभागावरचा दुसरा उमेदवार म्हणजे विरघळणारं ई-कॅडहेरिन, म्हणजे पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या प्रथिनाचा ८० किलोडाल्टनचा तुटलेला तुकडा. २०१८च्या एका अभ्यासात अंडाशयाच्या कर्करोगाच्या एक्सोसोमवर ते सापडलं. एंडोथेलियल पेशीवरच्या व्हीई-कॅडहेरिनशी ते जोडी जमवतं आणि बीटा-कॅटेनिन व एनएफ-कप्पा-बी हे पेशीतले संदेशमार्ग चालू करतं. यात व्हीईजीएफचा संबंधच नाही. तिसरा उमेदवार जुना आहे, सीडी१४७ हे प्रथिन. त्याचं काम मुख्यतः मोठ्या पुटिकांवर २००७ साली झालेलं आहे.

आतल्या मालाची यादी लांब आहे: पीटेन दाबून एकेटी मार्ग चालवणारा २०५, एसओसीएस५ या प्रथिनाला दाबून जेएके-स्टॅट३ चालवणारा १४१-३पी, आणि मॅलॅट१ हा लांब नॉन-कोडिंग (प्रथिन न बनवणारा) आरएनए. उलट दिशेने, म्हणजे रक्तवाहिन्यांना आवर घालणारा मालही याच पुटिकांत असतो. एकूण परिणाम ही या सगळ्यांची वजाबाकी असते आणि ती सेल लाइनप्रमाणे बदलते. म्हणून 'एक्सोसोम रक्तवाहिन्या वाढवतात' हे वाक्य मला नेहमी अर्धवट वाटतं. कोणत्या पेशींचे, कोणत्या अवस्थेतले, हे सांगितल्याशिवाय त्याला फारसा अर्थ नाही.

परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे, तेही सांगतो. एसकेओव्ही३ वाढवायला सोपी आहे म्हणून सगळीकडे दिसते, पण २०१३च्या जनुकीय तुलनेत ती आणि ए२७८० या दोन्ही लाइन हाय-ग्रेड सीरस या अंडाशयाच्या कर्करोगाच्या नेहमीच्या प्रकाराशी फारशा जुळल्या नाहीत. कुरामोची आणि ओव्हीसाहो जास्त जुळल्या. निदान एक अशी लाइन सोबत घ्या. ऑक्सिजन कमी असेल तर स्टॅट३ आणि रॅब२७ए (पुटिका बाहेर सोडायला मदत करणारं) ही प्रथिनं वाढून पुटिका जास्त सुटतात आणि मालही बदलतो, त्यामुळे २१ टक्के ऑक्सिजनवर आलेला निकाल गाठीच्या आतल्या परिस्थितीला लागू होईलच असं नाही. आणि लाइन उंदराची असेल, उदाहरणार्थ आयडी८, तर बेव्हॅसिझुमॅबचा प्रयोग सुरुवातीपासूनच निरर्थक आहे: ते मानवी व्हीईजीएफसाठी बनलेलं आहे, उंदराचं व्हीईजीएफ ते जवळजवळ पकडतच नाही.

आता कामाकडे. पहिली पायरी, तुम्ही मोजलेलं खरोखर पुटिकांमुळे आहे का. नेहमीचा क्रम ३०० जीवर (जी म्हणजे गुरुत्वाच्या किती पट बळ) १० मिनिटं, २,००० जीवर २० मिनिटं, १०,००० जीवर ३० मिनिटं, मग १,००,००० जीवर ७० मिनिटं, पेलेट (तळाशी बसलेला गाळ) पीबीएस या क्षारांच्या द्रावणात घेऊन पुन्हा तितकंच. सगळं ४ अंशांवर. ७० मिनिटं हा आकडा काही पवित्र नाही, रोटर बदलला की के-फॅक्टरप्रमाणे (तो रोटर कण किती लवकर खाली बसवतो, त्याच्या मापाप्रमाणे) वेळ बदलते. आरपीएम (मिनिटाचे फेरे) आणि जी यांची गल्लत तर इतकी नेहमीची आहे की पद्धतीच्या भागात रोटरचं नाव न लिहिलेला निबंध मी थोड्या संशयानेच वाचतो.

या पद्धतीने जे खाली बसतं त्यात पुटिकांबरोबर प्रथिनांचे गोळे, लायपोप्रोटीन आणि मीडियममधलं मोकळं व्हीईजीएफही असतं. पॉलिमरने अवक्षेप करणाऱ्या किटमध्ये ही भेसळ आणखी वाढते. रक्तवाहिन्यांच्या प्रयोगासाठी ती किट वापरूच नका. अल्ट्रासेंट्रिफ्यूजच्या पेलेटनंतर साइझ एक्स्क्लुजन कॉलम (आकारानुसार घटक वेगळे करणारी नळी) लावा आणि त्यातून येणारा प्रत्येक फ्रॅक्शन (भाग) वेगवेगळा ह्यूवेकवर तपासा. कण आणि पुटिकांची खूण असलेली सीडी६३, सीडी८१ ही प्रथिनं ज्या फ्रॅक्शनमध्ये आहेत तिथेच ट्यूब वाढवण्याची ताकद असेल तर ठीक. ती मागून येणाऱ्या प्रथिनांच्या फ्रॅक्शनमध्ये गेली, तर तुमचा सगळा परिणाम सोबत आलेल्या मोकळ्या प्रथिनांचा होता. ती अर्धी-अर्धी वाटली गेली तर आयोडिक्सॅनॉल ग्रेडियंट (घनतेनुसार घटक वेगळे करणं) करावाच लागतो. लहान पुटिका साधारण १.१० ते १.१५ ग्रॅम प्रति मिलिलिटर या घनतेला तरंगतात.

शुद्धतेचा कच्चा पण उपयोगी मापदंड म्हणजे १ मायक्रोग्रॅम प्रथिनामागे किती कण. ३,००० कोटींच्या वर असेल तर उत्तम. २०० ते २,००० कोटींच्या पट्ट्यात शुद्धता कमी. त्याच्याही खाली असेल तर डोस 'मायक्रोग्रॅम एक्सोसोम' म्हणून लिहिण्यात अर्थ नाही, कारण तुम्ही मोजताय ते बहुतांशी अल्ब्युमिन. वेस्टर्नमध्ये (प्रतिपिंडांनी प्रथिनं ओळखण्याच्या चाचणीत) पुटिकांची खूण म्हणून टीएसजी१०१ किंवा अ‍ॅलिक्स आणि एक टेट्रास्पॅनिन (सीडी६३सारखं प्रथिन) दिसायला हवं, पेशीच्या आतल्या भेसळीची खूण असलेलं कॅल्नेक्सिन दिसायला नको. मीडियममध्ये सिरम असेल तर एपीओए१ही (लायपोप्रोटीनची खूण) तपासा.

सिरमचा मुद्दा जरा सविस्तर, कारण नकली निकाल बहुतेक वेळा इथूनच येतात. फीटल बोवाइन सिरममध्ये गाईच्या पुटिका भरपूर असतात. १,००,००० जीवर १६ ते १८ तास फिरवल्याने त्या बऱ्याच जातात, सगळ्या जात नाहीत. सिरम पूर्ण बंद केलं की पेशी ताणात येतात, ४८ तासांत काही मरतात, आणि मेलेल्या पेशींचे तुकडेही १,००,००० जीवर खाली बसतात. मीडियम गोळा करताना ९५ टक्क्यांहून कमी पेशी जिवंत असतील तर तो बॅच टाकून द्या. आणि एक नियंत्रण कधीही वगळू नका: पेशी न घातलेलं तेच मीडियम, त्याच इन्क्युबेटरमध्ये तितकेच तास ठेवून, त्याच सगळ्या पायऱ्यांतून काढलेलं. नुसतं पीबीएस हे या प्रयोगाचं नियंत्रण होऊ शकत नाही. मायकोप्लाझ्मा या पेशींना लागणाऱ्या सूक्ष्म जिवाणूची तपासणीही करून घ्या. तोही याच आकाराचे कण सोडतो.

आता ट्यूबचा प्रयोग. ग्रोथ फॅक्टर कमी केलेलं मॅट्रिजेल घ्या, ९६ खणांच्या प्लेटला ५० मायक्रोलिटर, बर्फावर, बुडबुडे न येऊ देता. कडेला चंद्रकोर झाली की फोटो फोकस होत नाहीत. ह्यूवेक सहाव्या पॅसेजच्या (नव्या भांड्यात हलवून वाढवण्याच्या फेरीच्या) आतल्याच. ट्यूब मोजायच्या ४ ते ८ तासांत. १८ तासांनंतर त्या आपोआप कोसळू लागतात आणि मग 'औषधाने ट्यूब मोडल्या' असा भास होतो. पेशींची संख्या थोडी जरी चुकली तरी ट्यूबची लांबी बदलते, म्हणून खणागणिक पेशी मोजलेल्या असाव्यात आणि फोटो मोजणाऱ्याला कोणता खण कशाचा हे माहीत नसावं.

इथे एक जागा अशी आहे जिथे हमखास घोटाळा होतो. ह्यूवेक वाढवायचं ईजीएम-२ मीडियम प्रयोगातही तसंच वापरलं जातं. त्यात व्हीईजीएफ असतं, म्हणजे पार्श्वभूमीच चढलेली. त्याहून वाईट म्हणजे त्यात हेपरिन असतं. हेपरिन पुटिकेवरचं व्हीईजीएफ-१८९ उपटून मोकळं करतं, आणि पुटिका पेशीत शिरण्यालाही अडथळा आणतं. एकाच घटकाने तुमची दोन्ही गृहीतकं बिघडवली. प्रयोगाच्या वेळी बेसल मीडियम, फार तर १ ते २ टक्के पुटिका काढलेलं सिरम, हेपरिन नाही. याच कारणासाठी रुग्णाचं रक्त हेपरिनच्या नळीत घेऊ नका. सायट्रेट किंवा ईडीटीए घ्या. हेपरिन पीसीआरही दाबतं, त्यामुळे मायक्रोआरएनएचे आकडेही खोटे येतात.

इतकं जमलं की मूळ प्रश्न सोडवायला चार प्रयोग पुरतात, आणि क्रम महत्त्वाचा आहे.

आधी वेळ. ह्यूवेकना काही तास सिरमविना ठेवा, पुटिका घाला, ५, १५ आणि ३० मिनिटांनी पेशी फोडून व्हीईजीएफआर२ (व्हीईजीएफचा रिसेप्टर) आणि ईआरके (त्याच्या पुढचा संदेशवाहक) यांचं फॉस्फोरिलेशन, म्हणजे ते चालू झाल्याची रासायनिक खूण, पाहा. १५ मिनिटांत ठळक पट्टी दिसली तर संदेश पृष्ठभागावरून आलेला आहे. तितक्यात कुठलाही मायक्रोआरएनए काही करू शकत नाही.

मग औषधांची जोडी. बेव्हॅसिझुमॅब एका खणात, रिसेप्टरच्या कायनेजला (संदेश पुढे पाठवणाऱ्या भागाला) अडवणारं अ‍ॅक्सिटिनिब, १० ते १०० नॅनोमोलर, दुसऱ्या खणात. त्याच प्लेटवर मोकळं व्हीईजीएफ-१६५, २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, घालून बेव्हॅसिझुमॅब त्याला अडवतं हे दाखवा, नाहीतर तुमची बाटलीच निकामी असू शकते. पुटिकांचा परिणाम बेव्हॅसिझुमॅबने थांबला नाही पण अ‍ॅक्सिटिनिबने थांबला, तर पृष्ठभागावरच्या व्हीईजीएफचा संशय पक्का होत जातो. दोन्हींनी थांबला नाही तर ई-कॅडहेरिनकडे वळा. आधी तुमच्या पुटिकांवर ते आहे का ते वेस्टर्नवर पाहा, मग त्याला निष्प्रभ करणारं प्रतिपिंड वापरा.

तिसरा प्रयोग पृष्ठभाग साफ करण्याचा. पुटिकांचे तीन भाग करा. एक तसाच, दुसरा हेपरिनमध्ये अर्धा तास, तिसरा प्रोटिनेज-के या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइममध्ये ३७ अंशांवर अर्धा तास. मग तिन्ही भाग कॉलममधून काढा, म्हणजे हेपरिन आणि एन्झाइम मागे राहतील, आणि कण मोजून समान डोस द्या. हेपरिनने धुतल्यावर ताकद गेली तर उत्तर जवळपास मिळालं. प्रोटिनेजने गेली तर मात्र लगेच उड्या मारू नका: पेशीला चिकटायला लागणारी इंटिग्रिनसारखी प्रथिनंही त्याने कापली जातात, त्यामुळे आतला मालही पोहोचत नाही. म्हणून हेपरिनचा निकाल मला जास्त बोलका वाटतो. उलट, साफ केल्यावरही ताकद शाबूत राहिली तर आतल्या मालाचा विचार खरा सुरू होतो.

चौथा प्रयोग त्या वेळीच करा, आधी नाही. पुटिकांना आरएनेज (आरएनए मोडणारं एन्झाइम) द्या, आणि दुसऱ्या भागाला पुटिकांचं आवरण फोडणाऱ्या ट्रायटन एक्स-१०० सोबत आरएनेज. मायक्रोआरएनए खरंच आत असेल तर पहिल्यात टिकेल, दुसऱ्यात जाईल. मग दाता पेशीत तो दाबून काढलेल्या पुटिका, आणि ग्राहक पेशीत मायक्रोआरएनएला न जुमानणारं पीटेन घालून परिणाम उलटतो का, असं दोन्ही टोकांनी बांधा. ह्यूवेकमध्ये मिमिक (मायक्रोआरएनएची कृत्रिम नक्कल) ओतून परिणाम दाखवणं हा पुरावा नव्हे. मिमिकने पेशीत हजारो पटींनी जास्त प्रती जातात, पुटिकांनी कधीच जात नाहीत.

जीडब्ल्यू४८६९ या रसायनाने एक्सोसोम सुटणं बंद करून पाहणं सोपं वाटतं, १० मायक्रोमोलर नेहमीचा डोस आहे. पण ते मोठ्या पुटिकांचं प्रमाण वाढवू शकतं, आणि मीडियमबरोबर ह्यूवेकवर पोहोचलं तर तिथेही परिणाम करतं. रॅब२७ए दाबलं तरी पेशीचे इतर स्राव बदलतात. दोन्ही वापरा, पण शुद्ध पुटिका परत घालून परिणाम परत येतो हे दाखवलं तरच त्यांना वजन आहे. पीकेएच२६ने रंगवून 'पुटिका पेशीत गेल्या' असे फोटो काढणार असाल तर नुसत्या रंगाचं नियंत्रण ठेवा; हा रंग स्वतःच पुटिकांएवढे गोळे बनवतो.

पुटिका ताज्या वापरा. उणे ८० अंशांवर नुसत्या पीबीएसमध्ये ठेवल्या तर कणांची संख्या घटते; अल्ब्युमिन आणि ट्रेहॅलोज घातलेल्या पीबीएसमध्ये, कमी चिकटणाऱ्या नळ्यांत, लहान भाग करून ठेवल्या तर बऱ्याच टिकतात. एकदा वितळलेल्या पुन्हा गोठवू नयेत.

जोडप्रश्नाबद्दल, म्हणजे काही रुग्णांत बेव्हॅसिझुमॅबचा उपयोग का होत नाही. बेव्हॅसिझुमॅबच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०११ साली आले. जीओजी-०२१८मध्ये केमोथेरपीसोबत आणि पुढे देखभाल म्हणून दिल्यावर आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यकाल १०.३ महिन्यांवरून १४.१ महिन्यांवर गेला, एकूण आयुष्यमानात मात्र सगळ्या रुग्णांचा मिळून ठळक फरक दिसला नाही. आयकॉन७मध्ये जास्त धोक्याच्या गटाला फायदा जास्त झाला. औषध चालतं, पण परिणाम टिकत नाही, हे चित्र. त्याची कारणं अनेक आहेत: एफजीएफसारखे दुसरे वाढघटक, शेजारच्या वाहिन्यांवरच पसरणाऱ्या गाठी, मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी. पुटिकांवर बसलेलं व्हीईजीएफ हे त्यातलं एक संभाव्य कारण. मॅट्रिजेलवरच्या सहा तासांवरून रुग्णाच्या महिन्यांपर्यंत उडी मारता येत नाही.

शरीरात आणखी एक गुंता आहे. हा कर्करोग मुख्यतः पोटाच्या पोकळीत, पेरिटोनियमवर (त्या पोकळीच्या अस्तरावर) आणि ओमेंटमवर (आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर) पसरतो. तिथे पुटिकांना पहिल्यांदा भेटतात त्या एंडोथेलियल पेशी नव्हेत, तर मीसोथेलियल (अस्तराच्या) पेशी आणि मॅक्रोफेज. अंडाशयाच्या कर्करोगाच्या एक्सोसोममधलं सीडी४४ हे प्रथिन मीसोथेलियल पेशींत पोहोचून एमएमपी९ हे ऊती कापणारं एन्झाइम वाढवतं, हे दाखवलेलं आहे. म्हणजे रक्तवाहिन्या वाढण्यामागे दुसऱ्याच पेशींचा मधला हात असू शकतो, आणि एकट्या ह्यूवेकच्या प्लेटमध्ये तो कधीच दिसणार नाही. उंदरावर जाणार असाल तर पुटिका शिरेतून देऊ नका, बहुतेक यकृत आणि प्लीहेत अडकतात. पोटाच्या पोकळीत द्या, आणि सीडी३१ने (एंडोथेलियल पेशींच्या खुणेने) वाहिन्या मोजताना ओमेंटम वेगळं मोजा.

जलोदराचे नमुने मिळण्याची सोय असेल तर मी सेल लाइनपेक्षा त्यांच्यावर जास्त वेळ घालवीन. शक्य तितक्या लवकर ४ अंशांवर पेशी वेगळ्या करा, फायब्रिनच्या गाठी गाळून काढा, आणि त्यातल्या पुटिकांवर आधी हेपरिनचा तिसरा प्रयोगच करा. त्याला प्लेटचा एक कोपरा आणि दोन दिवस पुरतात.